पेन्शन बसली, आता ऑडिशनला कसं जायचं: माजी सैनिकांसाठी

कँटीनच्या लाईनीत, पॉलिक्लिनिकच्या बाकड्यावर, गावच्या जत्रेत, जिथं जिथं आपली माणसं भेटतात तिथं हल्ली मला एकच प्रश्न येतो, दादा तुम्ही सिरीयलमध्ये दिसलात, हे कसं काय जमवलं, आम्हालाही सांगा की. मी सांगायला सुरुवात करतो आणि बरोब्बर तेव्हाच माझा टोकन नंबर लागतो. म्हणून म्हटलं एकदाच बसून सगळं लिहून टाकू.

माझं थोडक्यात. मराठा लाइट इन्फन्ट्री, २४ वर्षं सर्व्हिस, हवालदार म्हणून बाहेर पडलो. गाव सातारा जिल्ह्यात, राहायला ऐरोलीत. नोकरी एका आयटी पार्कात सिक्युरिटी सुपरवायझरची आणि उरलेल्या वेळात ॲक्टिंग, ओपन माइकवर (म्हणजे कुणालाही चार मिनिटं स्टेज मिळतं तिथं) कॉमेडी आणि फोटोग्राफी. स्टार वगैरे काही झालेलो नाही, तुम्ही मला रस्त्यात ओळखणार नाही, पण चुका भरपूर केल्यात आणि तुमच्या उपयोगाच्या त्याच आहेत.

आणि हे काही जगावेगळं नाही बरं का. आपल्या ठाण्यातलेच अच्युत पोतदार बघा, सैन्यातून १९६७ साली कॅप्टन म्हणून बाहेर पडले, मग इंडियन ऑइलमध्ये पूर्ण नोकरी केली आणि सिनेमात आले ते चाळिशी उलटल्यावर, ऑगस्ट २०२५ मध्ये गेले तेव्हा सगळ्या देशाला त्यांचा 'थ्री इडियट्स'मधला प्रोफेसर आठवला. मेजर बिक्रमजीत कंवरपाल २००२ ला रिटायर झाले आणि थेट सिनेमात घुसले. तिकडे अमेरिकेत ॲडम ड्रायव्हर मरीनमध्ये होता, सायकलवरून पडून जखमी झाला म्हणून फौज सुटली आणि तो ॲक्टिंग शिकायला गेला. तिकडे सुटलेल्या सैनिकाच्या शिक्षणाचा खर्च सरकार उचलतं, आपल्याकडे ॲक्टिंग शिकायला असं काही मिळायचं नाही, त्यामुळे पहिली पायरी पैशाचीच.

पायरी १: आधी घरचं गणित

पेन्शन आहे म्हणून उडी मारली असं करू नका. पहिली दोन वर्षं यातून घर चालत नाही असं धरूनच चाला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंद केली नसेल तर आधी ती करा, मुलांच्या शिष्यवृत्तीपासून सगळी कामं तिथूनच होतात. मेस्को या माजी सैनिकांच्या महामंडळामार्फत किंवा कुठूनही नोकरी धरा, पण शक्यतो पाळीची, आणि त्यात रात्रपाळी मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण ऑडिशन दिवसा असतात, ओपन माइक संध्याकाळी आणि फोटोग्राफीची कामं शनिवार रविवार. झोपेचं काय असं विचाराल तर फौजेत तरी आपण कधी झोपलो होतो.

घरी मात्र स्पष्ट सांगा. आमच्या मंडळींनी फार विरोध नाही केला, अट एकच घातली की गावी मामांना ही बातमी मी द्यायची, तिनं नाही. मी अजून दिलेली नाही. मामा सिरीयल बघत नाहीत म्हणून निभावतंय.

तिन्हीपैकी आधी काय करायचं हा पुढचा प्रश्न. माझं मत विचाराल तर आधी कॅमेरा घ्या, कारण त्यात वर्षभरात दोन पैसे तरी दिसतात. कॉमेडी सोबत चालू ठेवा, तिला भांडवल लागत नाही. आणि ॲक्टिंगची तयारी पहिल्या दिवसापासून करा, पण कमाईची अपेक्षा तिच्याकडून सगळ्यात शेवटी ठेवा.

पायरी २: चेहरा सैल करा

हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

माझी पहिली ऑडिशन. बापाचा रोल, मुलाचा फोन येतो की गावचं घर विकायचं ठरलंय, बाप ऐकतो आणि चार वाक्यं बोलतो, बस. मी पाठांतर एकदम पक्कं करून गेलो होतो, कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो, बोललो, एक शब्द चुकला नाही. ऑडिशन घेणारी मुलगी असेल पंचवीसेक वर्षांची, ती म्हणाली, काका, तुम्ही बोलत नाहीये, रिपोर्ट देताय. मी खाली बघितलं तर टाचा जुळलेल्या, मुठी पँटच्या शिलाईला लागलेल्या. मी सावधानमध्ये उभा राहून घर विकल्याचा रिपोर्ट देत होतो.

दुसरा टेक, तिसरा टेक, तेच. मग तिने स्वतःच्या पर्समधून वायरचे इअरफोन काढले, गुंतून पार गोळा झालेले, आणि म्हणाली हे सोडवत सोडवत बोला, सोडवायचं काम महत्त्वाचं, डायलॉग गेले तरी चालतील. मी नखाने गाठ काढत बसलो आणि तोंडाने वाक्यं आपोआप येत गेली, मध्येच एक गाठ सुटेना तेव्हा मी थांबलो, सुस्कारा टाकला आणि त्याच सुस्काऱ्यात "बरं, विका" निघालं. ती म्हणाली हे, हे पाहिजे. रोल नाही मिळाला तो, पण त्या दिवशी जे कळलं ते कुठल्या क्लासमध्ये कळलं नसतं.

बघा, आपल्याला २० - २४ वर्षं चेहऱ्यावर काहीही येऊ न देण्याची ट्रेनिंग असते. आई हॉस्पिटलमध्ये आहे आणि सुट्टी नामंजूर झाली, "ठीक है साब". बाजूचा पोरगा गेला, संध्याकाळी रोल कॉल आहेच. ते तेव्हा गरजेचं होतं, त्याशिवाय चालतच नाही. पण कॅमेऱ्याला नेमकं तेच हवं असतं जे आपण आत कोंबून ठेवलंय. बाकी सगळं आपल्याकडे तयार आहे, वेळ पाळणं आहे, तासन् तास वाट बघणं आहे, ऑर्डर ऐकणं आहे, पाठांतर आहे. हे एकच उलटं शिकायचंय.

त्यासाठी मी करतो तो अभ्यास सांगतो. रोज रात्री फोन समोर ठेवायचा आणि दिवसभरात घडलेली एक गोष्ट दोन मिनिटं सांगायची, काहीही, रिक्षावाल्याशी झालेली कटकट पण चालेल. मग तो व्हिडिओ आवाज बंद करून बघायचा. आवाज नसताना चेहऱ्यावरून काहीच कळत नसेल तर समजायचं अजून परेडवरच आहोत. मला पहिले तीन महिने काहीच कळलं नाही, पासपोर्ट फोटो हलतोय असं दिसायचं.

हातांना काम द्या हा दुसरा उपाय. लसूण सोला, बूट पॉलिश करा, कपडे घडी करा आणि करता करता डायलॉग म्हणा.

आवाज हे आपलं भांडवल. वर्ड ऑफ कमांड पोटातून येतो, त्यामुळे नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत माईकशिवाय पोचता येतं. पण कॅमेऱ्यासमोर माईक शर्टाच्या कॉलरलाच लावलेला असतो, तिथं आवाज एक चतुर्थांश करा नाहीतर साउंडवाला कानावरचा हेडफोन काढून तुमच्याकडे बघतो. आणि मराठी सुधारा. इतकी वर्षं फौजी हिंदीत गेल्यावर आपल्या मराठीची पार भेळ झालेली असते, मी सहा महिने रोज सकाळी पेपरचा अग्रलेख मोठ्याने वाचत होतो, शेजारच्यांना वाटलं शाखा सुरू केली.

पायरी ३: नाटकाच्या ग्रुपात शिरा

महागडा ॲक्टिंग क्लास लगेच लावू नका. ठाण्यात फुकट किंवा जवळजवळ फुकट शिकायची सोय आहे. किरण नाकतींचा अभिनय कट्टा आहे, तिथं जाऊन आधी नुसतं बसा, मग उभे राहा. राज्य शासनाची हौशी मराठी नाट्य स्पर्धा दरवर्षी होते, ठाण्याला केंद्र असतं, स्पर्धेत उतरणाऱ्या संस्थांना मोठ्या वयाचे पुरुष मिळत नाहीत हे लक्षात ठेवा. पोरं ढिगाने असतात, पण सासरा, सरपंच, हेडमास्तर, म्हातारा शेजारी कुणी करायचा? तिथं आपली जागा आहे.

पहिल्या वर्षी रोल मिळालाच पाहिजे असा हट्ट धरू नका. मी एका ग्रुपमध्ये आधी फक्त सेट उचलला. फ्लॅट (सेटच्या भिंती), लेव्हल (चौथरे), खुर्च्या टेम्पोत चढवायच्या, उतरवायच्या, ठोकायच्या. फौजीला हे काम सांगावं लागत नाही, एकदा बघितलं की दुसऱ्या प्रयोगाला अर्ध्या वेळात सेट उभा. त्या एका गोष्टीमुळे डायरेक्टरचं माझ्याकडे लक्ष गेलं, तालमीत कुणी आलं नाही की मला उभा करायचे, प्रॉक्सी म्हणतात त्याला, असा प्रॉक्सी करता करता एक रोल माझाच झाला. गडकरी रंगायतनला, घाणेकरला, वाशीच्या भावेला नाटकं बघायला जा, मागच्या स्वस्तातल्या तिकिटावर बसा, मागून ॲक्टरचं शरीर कसं बोलतं ते जास्त कळतं.

पायरी ४: फोटो, इंट्रो आणि सेल्फ टेप

हे पटकन सांगतो. पोर्टफोलिओसाठी हजारो रुपये घालवायची गरज नाही. खिडकीजवळ सकाळच्या उजेडात साधा शर्ट घालून चार फोटो, समोरून, डावीकडून, उजवीकडून आणि उभा पूर्ण. फिल्टर नाही, गॉगल नाही, मिशी आहे तशी. केस डाय केले असतील तर फोटोतही तसेच आणि ऑडिशनला जातानाही तसेच, अर्धे पांढरे होऊन जाऊ नका.

इंट्रो व्हिडिओत नाव, वय, उंची, कुठं राहता, कोणत्या भाषा येतात, काय काम केलंय, मग दोन्ही बाजूचा प्रोफाइल आणि हात दाखवायचे. "जय हिंद" ने सुरू करू नका, मी करायचो. सेल्फ टेपला, म्हणजे घरूनच शूट करून पाठवायच्या ऑडिशनला, फोन आडवा, मागे मोकळी भिंत, पंखा बंद, समोरच्याचे डायलॉग वाचणारा माणूस लेन्सच्या अगदी शेजारी आणि हळू आवाजात. माझे डायलॉग मुलगी वाचते, बारावीत आहे, ती माझ्यापेक्षा चांगलं करते, एकदा कास्टिंगवाल्यांनी विचारलं पण होतं की आवाज कुणाचा.

पायरी ५: ऑडिशनला जाताना

मराठी सिरीयलची बरीच शूटिंग आपल्या घोडबंदर रोडच्या पट्ट्यात चालतात, हा ठाणेकरांचा फायदा. पण हिंदी, जाहिराती, वेब सिरीजच्या ऑडिशनसाठी अंधेरी वर्सोव्याचं आराम नगर गाठावंच लागतं. नवी मुंबईवाल्यांनी ट्रान्स हार्बरने ठाणे, ठाण्याहून घाटकोपर, तिथून मेट्रोने वर्सोवा आणि पुढे चालत किंवा रिक्षा. आराम नगर म्हणजे जुने बैठे बंगले, प्रत्येक दारावर कागद चिकटवलेला, आज काय शोधतायत ते लिहिलेलं, आणि बाहेर शंभर पोरं वाक्यं पुटपुटत फेऱ्या मारतायत. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला भरतीचं ग्राउंड आठवलं, फक्त इथं छाती मोजत नाहीत.

"नॉट फिट" हा शब्द तिथं रोज ऐकायला मिळेल, दारातूनच सांगतात. मेडिकलवाला नॉट फिट नाही हो तो, फक्त त्यांना हवा तसा चेहरा नाही एवढाच अर्थ. मनाला लावून घेऊ नका.

आता महत्त्वाचं. ऑडिशनसाठी, सिलेक्शनसाठी, कार्डसाठी कुणी पैसे मागितले की पाठ फिरवा. खरा कास्टिंगवाला कलाकाराकडून पैसे घेत नाही, त्याला पैसे प्रोडक्शनकडून मिळतात. मला हे माहीत नव्हतं असं नाही, तरी फसलो. एका कोऑर्डिनेटरने फोन केला, फौजी पाहिजे, पंधरा दिवसांचं काम, कॉस्च्युम डिपॉझिट म्हणून ८००० भरा, शूट संपलं की परत. बोलताना चार वेळा "सर, आर्मीवाल्यांचा मी फार आदर करतो" म्हणाला. त्या आदरातच गेलो मी. पैसे गेले, नंबर बंद. लाजेपायी मी महिनाभर घरी सांगितलं नाही, तक्रार पण नाही केली, ही दुसरी चूक. तुमचं असं काही झालं तर लगेच १९३० ला फोन लावा, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवले जायची शक्यता जास्त. कामं मिळायला लागली की सिंटा या कलाकारांच्या असोसिएशनच्या मेंबरशिपची चौकशी करा, ती थेट त्यांच्या ऑफिसात, मधल्या माणसाकडून नको.

पायरी ६: सेटवर गेल्यावर, आणि वर्दीचं

शिफ्ट बारा तासांची धरा. कॉल टाइम सातचा असला तर तुम्ही पावणेसातला हजर असणार आणि तुमचा सीन दुपारी चारला लागणार. यात फौजी माणूस अजिबात त्रासत नाही, आपली निम्मी सर्व्हिस वाट बघण्यातच गेलेली असते. मी सोबत पुस्तक, पाण्याची बाटली आणि चटई नेतो, चटईमुळे लोक हसले आधी, आता लाइटचे दोन दादा दुपारी तिच्यावर झोपतात.

रोल काय मिळतील ते आधीच सांगतो. पोलीस, वॉचमन, फौजी, शहीद मुलाचा बाप. सुरुवातीला घ्या, कॅमेऱ्याची सवय होते. पण चार-पाच केल्यावर एखादा नाही म्हणून बघा. मी नाही म्हटलं त्यानंतर चार महिने फोन नव्हता, मग इस्त्रीवाल्याचा रोल आला, तीन सीन, आणि आतापर्यंतचं माझं सगळ्यात बरं काम तेच. इस्त्री तर मी २४ वर्षं केलेलीच आहे, क्रीज बघून डायरेक्टर खूश.

वर्दीचे नियम पाळा. स्वतःची वर्दी, स्वतःची मेडल घालून ऑडिशनला जायचं नाही, रीलही बनवायची नाही. जो सैनिक नाही त्याने सैनिक असल्याचं भासवायला तसा पोशाख घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. नाटक सिनेमातली वेशभूषा वेगळी गोष्ट, तिथं फसवायचा हेतू नसतो, पण ती सेटपुरतीच, चहा प्यायला त्याच कपड्यात रस्त्यावर जाऊ नका. सैन्यावरच्या सिनेमा सिरीजसाठी संरक्षण मंत्रालयाचं ना हरकत घ्या असं २०२० मध्येच निर्मात्यांना कळवलेलं आहे, ते काम प्रोडक्शनचं. सेटवर बेरे उलट्या बाजूला ओढलेली दिसेल, मेडलची रांग चुकलेली दिसेल, सॅल्यूट तर विचारूच नका. रक्त तापतं. पण डायरेक्टरला सगळ्यांसमोर सांगू नका, ड्रेसवाल्या दादाला बाजूला घेऊन हळूच सांगा, तो लगेच बदलतो आणि पुढच्या वेळी तोच तुम्हाला फोन करून विचारतो.

पायरी ७: कॉमेडी

बडाखान्यात मी आमच्या सुभेदार मेजर साहेबांची नक्कल करायचो. अख्खी कंपनी लोळायची, साहेब स्वतः हसायचे. त्यामुळे मला वाटलं आपण कॉमेडियन आहोतच, फक्त मुंबईला अजून माहीत नाही.

पहिला ओपन माइक ठाण्यात एका कॅफेत. समोर चौदा माणसं, सगळी विशीतली, त्यातली नऊ स्वतःच परफॉर्म करायला आलेली. होस्टने जोरात सांगितलं की आता येतायत भारतीय सैन्यातले माजी हवालदार. टाळ्या! एक मुलगा तर उभा राहिला. मला बरं वाटलं, आणि तिथंच सगळं संपलं. चार मिनिटं कुणी हसलं नाही, सगळे ताठ बसून आदराने ऐकत होते, मयताला आल्यासारखे. संपल्यावर परत टाळ्या. एक मुलगी येऊन म्हणाली, सर, थँक यू फॉर युअर सर्व्हिस. मी म्हटलं ताई ते राहू दे, जोकचं सांग.

तर हे समजून घ्या. ज्याचा आदर वाटतो त्याच्यावर लोक हसत नाहीत, हसायला समोरचा आपल्यातला वाटावा लागतो. आणि साहेबांची नक्कल युनिटमध्ये चालायची कारण साहेबांना सगळे ओळखत होते, कॅफेत त्यांना कोण ओळखतं? म्हणून आता मी होस्टला आधीच सांगतो फक्त नाव घे, बाकी काही बोलू नकोस.

जोक कसा बदलला ते दाखवतो. आधी मी असं म्हणायचो, "मी २४ वर्षं देशाच्या सीमेवर होतो, तिथं आम्हाला खूप कडक शिस्त असायची, मग रिटायर होऊन सोसायटीत आलो तर इथं कुणाला शिस्तच नाही, कुणीही कुठंही गाडी लावतो..." हा जोक नाही, ही तक्रार झाली. आता असं,

"मी आमच्या सोसायटीच्या पार्किंग कमिटीत आहे. (थांबायचं.) मी नाही म्हणत होतो. सेक्रेटरी म्हणाले, तुम्हाला बॉर्डरचा अनुभव आहे. मी म्हटलं, साहेब, तिकडे आत घुसणारा निदान शत्रू असतो, इथं बी विंगचा जावई."

पहिल्या वाक्यालाच लोक सैल होतात, कारण पार्किंग कमिटीतल्या माणसाचा कुणी आदर करत नाही. फौज तिसऱ्या वाक्यात गुपचूप येते. आणि शेवटचा शब्द "जावई", त्यानंतर एक अक्षर बोलायचं नाही. आधी मी जावयानंतरही अजून दोन वाक्यं बोलायचो, हशा माझ्याच आवाजाखाली मरायचा.

सुरुवात करायची पद्धत सोपी आहे. इन्स्टाग्रामवर ओपन माइकची पानं शोधा, मेसेज करून स्पॉट मागा, चार-पाच मिनिटं मिळतात. काही ठिकाणी एंट्री घेतात नाहीतर निदान कॉफी घ्यावी लागते. ठाण्या नवी मुंबईत मराठी माइक कमी, मुंबईत जास्त. भाडिपा या यूट्यूब चॅनलमुळे मराठी स्टँडअपला तरुण प्रेक्षक तयार झालाय त्याचा आपल्याला फायदा मिळतो. वेळ संपत आली की मागून मोबाइलचा टॉर्च दाखवतात, दिसला की आवरा. टॉर्च दाखवल्यावरही बोलत राहणाऱ्याला दुसऱ्यांदा स्पॉट मिळत नाही. स्वतःचं रेकॉर्डिंग करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, लाज वाटते पण ऐका, कुठं हसले त्याच्यासमोर खूण, नाही हसले ते वाक्य कापा. "घरी बायको सीओ आहे" हा जोक सुचेल. प्रत्येक फौजीला सुचतो. नका करू.

काय बोलायचं नाही ते तुम्हाला माहीत आहे तरी लिहितो, ठिकाणं, तैनाती, ऑपरेशन, हत्यारांची माहिती यातलं काहीही नाही, शासकीय गुपिते अधिनियम १९२३ रिटायरमेंटनंतर पण लागू असतो. आणि एक माझ्याकडून. गेलेल्या मित्रावर एक किस्सा होता, गमतीचा, तो स्वतः फार हसरा होता. मी स्टेजवर सुरू केला आणि मध्येच घसा बसला, पुढचं वाक्यच येईना. तेव्हापासून जे आतून अजून ओलं आहे ते मी वहीत ठेवतो, स्टेजवर नाही. रात्री झोप लागत नसेल, जुनं सारखं समोर येत असेल तर १४४१६ वर टेलिमानसला फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात. त्यात कमीपणा नाही.

पायरी ८: कॅमेऱ्यामागे

नवीन कॅमेरा घेऊ नका. फोर्टला कॅमेऱ्यांची दुकानं आहेत तिथं सेकंडहँड बघा, शटर काउंट विचारा, म्हणजे गाडीचं रनिंग विचारतो तसं, लेन्समध्ये बुरशी आहे का ते उजेडात धरून बघा, आपल्या दमट हवेत ती लगेच धरते. मी बॉडी आणि किट लेन्स २८ हजारात घेतली, नंतर ५० एमएमची साधी १.८ लेन्स. माणसांच्या फोटोला ती एक पुष्कळ.

ॲपर्चर, शटर, आयएसओ, हे तीन एकमेकांशी कसे बांधलेत ते एक महिना ऑटो बंद करून शिका. सरावाला आपल्याकडे जागांची कमी नाही, गुढीपाडव्याची स्वागतयात्रा, दिवाळी पहाटेला राम मारुती रोड आणि तलावपाळीची गर्दी, दहीहंडी, येऊर.

पण माझी खरी शाळा म्हणजे फ्लेमिंगो. नोव्हेंबर ते मे ठाणे खाडीत असतात, ही खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. भरती ओहोटीचं टाइमटेबल बघूनच निघायचं. ओहोटीला पक्षी लांब चिखलात चरत असतात, नुसती गुलाबी रेघ दिसते. भरतीचं पाणी चढायला लागलं की त्यांच्या पायाखालची जागा जाते आणि ते थव्याने उठून नेरूळ सीवूड्सच्या पाणथळ जागांकडे येतात. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोट सुटते तीही भरतीच्या वेळेवरच. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन तासांत अकरा फोटो काढले. शेजारचा कॉलेजचा पोरगा सटासट शेकड्याने काढत होता. त्याने विचारलं, काका कार्ड फुल झालं का? कार्ड रिकामंच होतं हो. रेंजवर फायर झाल्यावर रिकामी काडतुसं मोजून परत द्यायची सवय, बोट दाबायलाच तयार नाही. ती सवय सोडायला वेळ गेला.

एक सवय मात्र जशीच्या तशी कामाला आली. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, थांबायचं, बोट दाबायचं नाही तर आवळत न्यायचं. कोपर बरगडीला टेकवून. १/१६०० च्या आसपास शटर ठेवून उडता थवा मी हलू न देता टिपतो, ते शिकवलं बेळगावच्या फायरिंगच्या उस्तादांनी, त्यांना बिचाऱ्यांना माहीत पण नाही.

कमाई पक्ष्यांवर होत नाही. ती बारसं, साखरपुडा, सोसायटीचा गणपती, साठीशांत यावर होते. आधी एखाद्या जुन्या फोटोग्राफरकडे लाइट धरायला जा, मी आठ लग्नं नुसता लाइट धरला. ॲडव्हान्स निम्मा घ्या, किती फोटो, किती दिवसात, अल्बम धरून की सोडून, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. आणि कार्ड दोन ठेवा. एका बारशाला माझं एकच कार्ड होतं, घरी येऊन लावलं तर उघडेना, पाळण्यात घालतानाचे सगळे फोटो गेले. पैसे परत केले, माफी मागितली, पण बाळ काही परत पाळण्यात जाणार नव्हतं. तिथली आजी अजून मला भाजी मार्केटमध्ये बघून मान फिरवते.

ड्रोनचा मोह होईल. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलवरचा नकाशा बघावा लागतो, रेड झोनमध्ये परवानगीशिवाय उडवताच येत नाही, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झाल्यापासून आपल्याकडे हे जास्तच जपून. छावणी, नौदलाच्या जागा यांच्याकडे कॅमेरा वळवायचा नाही हे तुम्हाला मी काय सांगणार.

शेवटचं, पैसे आणि कागदपत्रं

सिरीयलचं पेमेंट साधारण ९० दिवसांनी येतं असं धरा, त्याहून उशीर पण होतो. प्रत्येक दिवसाची नोंद डायरीत ठेवा, तारीख, प्रोडक्शन, कोणी बोलावलं, किती ठरले. १० टक्के टीडीएस कापून येतो, तो तुमच्या पॅनवर खरंच भरला का ते इन्कम टॅक्सच्या साइटवर २६एएस मध्ये तपासा. पेन्शन पगारासारखी धरली जाते आणि ही कमाई व्यवसायाची, त्यामुळे रिटर्नचा फॉर्म बदलतो, एकदा सीएला दाखवा.

आणि नोव्हेंबरमध्ये शूटिंगच्या गडबडीत जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा दाखला, विसरू नका, नाहीतर पेन्शन अडकते. मी ते मोबाइलवरच करतो, चेहरा दाखवून. गेल्या खेपेला सेटवर चहाच्या ब्रेकमध्ये करायला घेतलं, ॲप म्हणतं डोळे मिचकवा, मी मिचकवले, फेल. परत केलं, परत फेल. मेकअपची ताई मागून बघत होती, म्हणाली, काका फोन समोर आला की तुम्ही सावधान होताय, खांदे सोडा बघू. खांदे सोडले, तिने काहीतरी फालतू जोक मारला, मी हसलो, डोळे मिटले उघडले आणि ॲपने मी जिवंत आहे हे मान्य केलं. तिसऱ्या टेकला.